टांगाईलचा डाकोटा: ५० विमानांची कामगिरी तीन विमानांत कशी दाखवतात?

२६ जानेवारी २०२२. राजपथावरून हवाई दलाची ७५ विमानं जाणार होती आणि पहिल्यांदाच वैमानिकाच्या कॉकपिटमधली दृश्यं दूरदर्शनवर दिसत होती. राफेलच्या गडगडाटाची वाट पाहणाऱ्या गर्दीच्या डोक्यावरून एक जुनाट, बुटक्या नाकाचं, दोन पंख्यांचं विमान घरघरत गेलं. त्याच्या मागे डाव्या-उजव्या बाजूला दोन छोटी डॉर्नियर विमानं होती. या रचनेचं नाव होतं 'टांगाईल'.

त्या तीन विमानांच्या क्लिप्स आजही फिरतात. कुणी त्याखाली '१९७१ च्या युद्धातलं खरं दृश्य' असं लिहून पुढे ढकलतं, कुणी 'असली खटारा विमानं कशाला उडवतात' म्हणून हसतं. दोघांचंही चुकतं. ते दृश्य युद्धातलं नाही, आणि पुढचं विमान खटाराही नाही. एका मोठ्या हवाई कामगिरीचं ते आकाशातलं पुनर्दर्शन आहे. त्या कामगिरीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, आणि तो मराठी वाचकांनाही फारसा ठाऊक नसतो.

११ डिसेंबर १९७१ ला काय घडलं?

टांगाईल हे आजच्या बांगलादेशातलं, ढाक्याच्या वायव्येला असलेलं शहर. डिसेंबर १९७१ मध्ये उत्तरेकडच्या जमालपूर आणि मयमनसिंगमधून पाकिस्तानची ९३ वी ब्रिगेड ढाक्याच्या दिशेने मागे हटत होती. ती सुखरूप ढाक्यात पोहोचली असती तर राजधानीची लढाई लांबली असती. तिचा रस्ता मधेच तोडायचा, तर लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घ्यायला हवा होता. जमिनीवरून तिथे वेळेत पोहोचणं अवघड, म्हणून सैनिक आकाशातून उतरवायचं ठरलं.

११ डिसेंबरच्या दुपारी पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा आणि दमदम तळांवरून विमानं निघाली. या मोहिमेत २२ डाकोटा, २० पॅकेट, सहा एएन-१२ आणि दोन कॅरिबू अशी मिळून ५० वाहतूक विमानं वापरली गेल्याची नोंद आहे. साडेचारच्या सुमारास सुमारे ७०० जवान, तोफखान्याची तुकडी, जीप आणि दारूगोळा टांगाईलजवळच्या शेतांत उतरू लागला. कादर सिद्दिकी यांच्या मुक्तिवाहिनीच्या लोकांनी हा भाग आधीच तयार ठेवला होता. त्यांच्याशी संधान बांधण्यासाठी कॅप्टन पी. के. घोष यांना अगोदरच तिकडे पाठवण्यात आलं होतं.

एक प्रश्न इथे पडायला हवा. इतकी संथ, बोजड, शस्त्रहीन विमानं भर दिवसा शत्रूच्या प्रदेशावर गेली कशी? कारण तोपर्यंत पूर्वेकडचं आकाश मोकळं झालं होतं. ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी भारतीय विमानांनी खड्डे पाडून निकामी केली होती आणि ७ डिसेंबरपर्यंत तिथली पाकिस्तानी सेबर विमानं जमिनीवर अडकून पडली होती. लढाऊ विमानांनी आधी ते काम केलं नसतं, तर डाकोटांचा हा ताफा म्हणजे आयतं सावज ठरला असता. टांगाईलचं श्रेय एखाद्याच स्क्वाड्रनला देता येत नाही ते यामुळेच.

उडी घेतलेली पलटण होती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे २ पॅरा. तिच्या नावापुढे कंसात 'मराठा' असं लिहितात. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात ती त्याच नावाने लढली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. टांगाईलला तिचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू करत होते. त्यांना महावीर चक्र मिळालं. पलटणीच्या युद्धसन्मानांत आजही 'पुंगली ब्रिज' हे नाव आहे.

जवानांनी त्याच संध्याकाळी पूल घेतला. रात्री माघारी येणाऱ्या पाकिस्तानी तुकड्या पुलावर आदळल्या आणि रस्ता बंद असल्याचं त्यांना तिथे कळलं. दुसऱ्या दिवशी, १२ डिसेंबरच्या संध्याकाळी, उत्तरेकडून भारतीय सैन्याची आघाडीची पलटण पुलाशी येऊन भिडली. ती होती १ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे जंगी पलटण. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली ती जमालपूरची लढाई जिंकून खाली उतरली होती. परक्या देशातल्या एका नदीवर, एक आकाशातून आणि एक जमिनीवरून, अशा मराठा परंपरेच्या दोन पलटणी चोवीस तासांच्या आसपास एकत्र आल्या. १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या भारतीय तुकड्यांमध्ये २ पॅरा होती.

गाजलेला फोटो सरावाचा होता

पुनर्दर्शनाचा विषय निघाला की टांगाईलची आणखी एक गोष्ट सांगावीच लागते. आकाशभर पसरलेल्या शेकडो छत्र्यांचा एक फोटो त्या दिवसांत जगभर छापला गेला. परदेशी बातम्यांत उतरलेल्या जवानांचा आकडा ५००० झाला. प्रत्यक्षात एक बटालियन उतरली होती, पण बातमीत अख्खी ब्रिगेड झाली. फोटोही टांगाईलचा नव्हता. आग्र्याजवळ पॅरा ब्रिगेडने आधी केलेल्या सरावाचा तो होता. संरक्षण खात्याचे तेव्हाचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी पुढे हे सांगितलं.

ढाक्यात बसलेल्या पाकिस्तानी सेनापतींच्या मनावर त्या ५००० च्या आकड्याचा दाब आलाच असणार. पण त्याची दुसरी बाजूही आहे. त्या संध्याकाळी खरोखर उडी मारलेल्या ७०० जणांची आठवण अनेकांच्या मनात आजही आग्र्याच्या आकाशातल्या छत्र्यांच्या रूपात आहे. युद्ध कसं दाखवलं जातं, यावर ते कसं लक्षात राहतं हे ठरतं.

मग राजपथावर उडालेला डाकोटा खरा की नकली?

विमान खरं. पण ते टांगाईलला गेलेलं नाही.

डाकोटा हे अमेरिकेच्या डग्लस कंपनीच्या डीसी-३ विमानाचं लष्करी रूप. दुसऱ्या महायुद्धात ही विमानं दहा हजारांहून अधिक बनली. भारतीय हवाई दलाच्या १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे ती १९४६ पासून होती. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटची पहिली बटालियन दिल्लीहून श्रीनगरला उतरली ती डाकोटांमधूनच. त्यानंतर एअर कमोडोर मेहरसिंग यांनी पूंछला आणि मे १९४८ मध्ये थेट लेहला डाकोटा उतरवला, तोही नीट नकाशे नसलेल्या डोंगरांवरून. चार दशकं राबून ही विमानं निवृत्त झाली. बहुतेक मोडीत गेली, काही संग्रहालयांच्या अंगणात उभी राहिली. उडू शकेल असा एकही डाकोटा हवाई दलाकडे उरला नाही.

आज उडणारं विमान १९४४ चं आहे आणि महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलाकडे होतं. राजीव चंद्रशेखर यांनी ते २०११ मध्ये मिळवलं. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर स्वतः डाकोटा उडवायचे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला त्याची दुरुस्ती झाली. हवाई दलाला ते भेट देण्याचा प्रस्ताव सुरुवातीला दिल्लीत नाकारला गेला. पुढे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना तो स्वीकारला गेला. एप्रिल २०१८ मध्ये विमान कॉव्हेंट्रीहून निघालं आणि फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन, ओमान असे टप्पे घेत जामनगरला पोहोचलं. मे महिन्यात हिंडन तळावर ते हवाई दलात दाखल झालं. नाव ठेवलं 'परशुराम'. शेपटीवर क्रमांक रंगवला 'व्हीपी ९०५'. १९४७ मध्ये श्रीनगरला सैनिक घेऊन गेलेल्या डाकोटाचा हा क्रमांक.

म्हणजे एकाच विमानावर तीन युद्धांची ओळख आहे. सांगाडा महायुद्धाचा, क्रमांक १९४७ चा आणि २०२२ च्या संचलनातलं नाव १९७१ चं. काटेकोर इतिहासप्रेमींना हे खटकतं. पण इतिहास दाखवायला एकच उडतं विमान हाताशी असेल, तर त्यालाच सगळ्या भूमिका कराव्या लागतात. गावच्या नाटक कंपनीत एकच नट कधी राजा तर कधी हवालदार होतो, तसंच.

असं विमान उडतं ठेवणं म्हणजे काय, हे भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्याला लगेच कळेल. डाकोटाला जेट इंजिन नाही. १४ सिलिंडर गोलाकार मांडलेली, प्रत्येकी सुमारे १२०० अश्वशक्तीची दोन पिस्टन इंजिनं, त्यांना कार्ब्युरेटर, मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग. ही इंजिनं बनणं कधीच थांबलंय. सुटा भाग झिजला की जुन्या साठ्यातून शोधायचा, नाहीतर ड्रॉइंग मिळवून नव्याने करून घ्यायचा. इंधनही आजच्या जेट विमानांचं केरोसीन चालत नाही, विमानांचं वेगळं पेट्रोल लागतं. शेपटीखाली छोटं चाक असल्यामुळे जमिनीवर असताना नाक आभाळाकडे असतं, वैमानिकाला समोरचा रस्ता धड दिसत नाही. आजच्या वैमानिकाला हे सगळं नव्याने शिकावं लागतं. हवाई दलाच्या व्हिंटेज तुकडीत डाकोटाआधी टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही प्रशिक्षण विमानं उडती झाली. २०१२ च्या हवाई दल दिनाला टायगर मॉथ पुन्हा आकाशात दिसलं होतं.

सोबत डॉर्नियरच का?

रचनेला 'व्हिक' म्हणतात. एक विमान पुढे, दोन मागे, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखं. महायुद्धात छत्रीधारी सैनिक नेणारे डाकोटा असेच तीन-तीनच्या गटाने उडायचे, म्हणून ही मांडणी इतिहासाला धरून आहे.

मात्र तीन डाकोटा आणायचे कुठून? सोबतचं विमान डाकोटाच्या संथ चालीने उडू शकणारं हवं. लढाऊ विमान इतकं हळू उडवलं तर त्याला हवेत तरंगणंच जड जाईल. डॉर्नियर २२८ हे पंख्यांचं छोटं वाहतूक विमान त्या वेगात आरामात बसतं. त्याआधीच्या वर्षी, २०२१ च्या प्रजासत्ताक दिनी, याच डाकोटाच्या दोन्ही बाजूंना एमआय-१७ हेलिकॉप्टरं होती. १९७१ च्या विजयाला पन्नास वर्षं होत होती म्हणून केलेल्या त्या रचनेचं नाव 'रुद्र'.

२०२२ मध्येच 'मेघना' नावाची आणखी एक रचना होती. एक चिनूक आणि चार एमआय-१७. डिसेंबर १९७१ मध्ये लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांच्या सैन्याला हेलिकॉप्टरमधून मेघना नदीपार नेण्यात आलं होतं, ती त्याची आठवण. तेव्हाची हेलिकॉप्टरं एमआय-४ होती. त्यातलं एकही आज उडत नाही, म्हणून त्यांची जागा त्यांच्या नातवंडांनी घेतली.

फिरती क्लिप खरी की पुनर्दर्शन, हे ओळखायची सोपी खूण यातच सापडते. डॉर्नियर आणि एमआय-१७ हवाई दलात आले १९८० च्या दशकात, चिनूक तर २०१९ मध्ये. यातलं काहीही चौकटीत दिसलं तर ते दृश्य १९७१ चं असूच शकत नाही. आणि व्हीपी ९०५ हा क्रमांक असलेला डाकोटा लखलखीत रंगीत चित्रणात दिसला, तर तो २०१८ नंतरचाच समजा.

जगात हे कसं करतात?

ब्रिटनने १९५७ पासून स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर अशी युद्धकालीन विमानं उडती ठेवण्यासाठी हवाई दलातच वेगळी तुकडी ठेवली आहे. तिच्याकडेही एक डाकोटा आहे. ही विमानं शांतपणे डोक्यावरून जातात, लुटूपुटूची लढाई करत नाहीत. अमेरिकेत प्रकार निराळा. १९४२ मध्ये जेम्स डुलिटल यांच्या १६ बी-२५ विमानांनी 'हॉर्नेट' या विमानवाहू जहाजावरून उडून टोकियोवर हल्ला केला होता. पन्नास वर्षांनी, १९९२ मध्ये, दोन बी-२५ विमानं खरोखरच 'रेंजर' या जहाजावरून उडवण्यात आली. तिथल्या हवाई मेळ्यांत जमिनीवर स्फोट घडवून पर्ल हार्बरचा हल्लाही उभा करतात.

याची किंमतही मोजावी लागली आहे. १२ नोव्हेंबर २०२२ ला टेक्सासमधल्या डॅलसच्या मेळ्यात बी-१७ बॉम्बफेकी विमानावर पी-६३ हे लढाऊ विमान मागून आदळलं आणि सहा जण गेले. दोन्ही विमानं महायुद्धाच्या काळातली. कोणत्या विमानाने किती उंचीवर राहायचं हे आधी ठरवून दिलेलं नव्हतं, असं तपासात पुढे आलं. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या तुकडीतला स्पिटफायर कोसळून त्याच्या वैमानिकाचा मृत्यू झाला. ऐंशी वर्षांची विमानं, त्यांना सांभाळून घेणारी मोजकी माणसं आणि खाली प्रेक्षक. त्यामुळे भारतीय डाकोटाकडून छत्र्या टाकून घेत नाहीत, नुसता सरळ उडवतात, यात कुचराई नाही, शहाणपण आहे.

पिंपरी-चिंचवडमधलं पुनर्दर्शन

भोसरी, दिघी, मोशी या भागाला हवाई दल नवं नाही. लोहगावचा तळ १९३९ चा. २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय विमानं हवाई दलात दाखल झाली तीही इथेच. शहराच्या दुसऱ्या टोकाला देहूरोडचं दारूगोळा कोठार आहे. निगडी-तळवडेच्या माणसाला 'रेड झोन' म्हटल्यावर युद्ध आठवत नाही, अडकलेलं घराचं बांधकाम आठवतं.

युद्धाचं पुनर्दर्शन म्हणाल तर इथला माणूस ते दरवर्षी बघतो, फक्त त्याला त्या नावाने ओळखत नाही. गणेशोत्सवातला जिवंत देखावा हा तोच प्रकार. कंपनीतली पाळी संपवून आलेली पोरं तालीम करतात, प्लायवूडचे बुरूज उभे राहतात, धूर सोडला जातो, ध्वनिमुद्रित निवेदन सुरू होतं आणि दहा-पंधरा मिनिटांचा प्रसंग रात्रीतून अनेकदा होतो. शिवकाळाच्या जोडीने कारगिल, सर्जिकल स्ट्राइक, बालाकोट हे विषयही मांडवात आले. टांगाईल मात्र क्वचितच कुणाला सुचतो. खरं तर या माध्यमाला तो फार जवळचा. पूल आहे, रात्र आहे, छत्र्या आहेत, दोन पलटणींची गाठभेट आहे, आणि गणवेशातली माणसं आपल्याच मातीच्या नावाची.

करायचं तर काही गोष्टी नीट धरायला हव्यात. माणसं ७०० होती, ५००० नव्हेत. वेळ मावळतीची, मध्यरात्रीची नव्हे. मुक्तिवाहिनीची लुंगीतली, खांद्यावर ओझी वाहणारी माणसं वगळली तर प्रसंग अर्धा राहतो, कारण उतरलेलं सामान गोळा करायला स्थानिकांचे हात लागले होते. मागे पडद्यावर आग्र्याच्या सरावाचा फोटो लावलाच, तर तो सरावाचा आहे असं निवेदनात सांगायला एक वाक्य पुरतं.

कायद्याचंही थोडं पाहावं लागतं. भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमानुसार, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने सैनिकी पोशाख घालणं गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रंगमंचावरच्या नटाचा तसा हेतू नसतो, त्यामुळे देखाव्याला अडचण नाही. पण प्रयोगानंतर त्याच वेशात वर्गणी मागत फिरणं अंगाशी येऊ शकतं. छत्र्या दाखवण्यासाठी ड्रोन उडवण्याची कल्पनाही मोह पाडणारी आहे, मात्र लोहगावच्या तळाजवळच्या आकाशात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा डाकोटा पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचाच करावा लागेल. पत्र्याचं काम येणारे हात या पट्ट्यात पैशाला पासरी आहेत. पंखांचा पसारा मात्र लक्षात ठेवायला हवा. खऱ्या डाकोटाचे पंख टोकापासून टोकापर्यंत २९ मीटर भरतात, म्हणजे बहुतेक मंडळांच्या मांडवाबाहेर जातील.